झिजणे आणि कुजणे

माझी भाची मुंबईत छायाचित्रण शिकते. शेवटच्या वर्षाला एक विषय घेऊन त्यावर वीस चित्रांची मालिका करायची असते. तिने विषय घेतला ‘क्षय’. घरात तो कोणालाच रुचला नाही. सणासुदीच्या तोंडावर पोरीला हे काय भलतेच सुचले, असे तिची आजी म्हणालीसुद्धा.

मला मात्र त्यात भलतेच काही वाटले नाही. सतराव्या शतकातले डच चित्रकार फळांच्या रसरशीत राशीत एखादे किडके फळ आवर्जून रंगवीत. सॅम टेलर-वुड या इंग्रज बाईंनी २००१ साली फळांची परडी कॅमेऱ्यापुढे ठेवली आणि ती नासत जाताना टिपली. पडद्यावर तीन-चार मिनिटांत फळांवर बुरशी चढते, रास खचते. शेजारी पडलेले प्लास्टिकचे पेन तेवढे जसेच्या तसे राहते. त्या पेनाचीच मला अधिक भीती वाटली. आणि एवढ्या लांब कशाला जा? पिंपळाचे पान भिजत घालून त्याचा गर कुजवायचा आणि उरलेली जाळी पुस्तकात जपून ठेवायची, हा उद्योग लहानपणी कोणी केला नाही?

तेव्हा विषयावर माझा आक्षेप नव्हता. आक्षेप आला तो तिने दोन चित्रे माझ्यापुढे शेजारी शेजारी मांडली तेव्हा. एक होते देवघरातल्या जुन्या सहाणेचे. चंदन उगाळून उगाळून मधोमध पडलेल्या खळग्यात सकाळचे ऊन साचलेले. दुसरे होते गिरगावातल्या एका चाळीच्या भिंतीचे. गिलावा फुगून सुटलेला, आतली लोखंडी तुळई उघडी पडलेली, ओलीचे हिरवे-काळे नकाशे. दोन्ही चित्रे देखणी होती. खरे सांगायचे तर भिंतीचे अधिक देखणे होते. आणि दोहोंखाली एकच शब्द : क्षय.

इंग्रजीत विचार करून विषय निवडला की असे होते. आपल्या भाषेत वस्तू नुसती जुनी होत नाही. कापड विरते, लोखंड गंजते, दूध नासते, लाकूड किडते, रंग विटतो, शिवण उसवते. पायरी झिजते आणि पाचोळा कुजतो. इतके शब्द आपण हौसेने केलेले नाहीत. प्रत्येक नाशामागचे कारण निराळे असते, आणि कारण निराळे म्हणून आपले त्याच्याशी नातेही निराळे. सहाण झिजली ती हात फिरला म्हणून. भिंत कुजली ती हात फिरला नाही म्हणून. (कुजल्यावाचून खत होत नाही, असे एखादा शेतकरी मला ऐकवील, आणि ते रास्तच आहे; पण पाचोळ्याखाली कोणी बिऱ्हाड करून राहत नाही.)

त्या भिंतीपुरते बोलायचे तर तिथे काळाने एकट्याने काही केलेले नाही. ओल आत शिरली की लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून गिलावा फुटतो. फुटल्यावर पाणी अधिकच आत जाते. वेळीच दुरुस्ती झाली तर हे थांबते. ती का होत नाही? १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच इतका लहान की त्यात चुन्याची गोणीही येऊ नये. मालक म्हणतो, एवढ्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, एवढ्यात दुसरीकडे जागा कशी घेऊ? दोघांचेही खोटे नाही. त्या दोन खऱ्यांच्या मधल्या फटीत पाणी मुरते. चित्रात हे काहीच दिसत नाही. चित्राला कुबट वासही येत नाही. उरते ते हिरव्या-काळ्या रंगाचे सौंदर्य, आणि ते पाहणाऱ्याला फुकट मिळते.

“मग मी ते काढूच नये का, मावशी?” भाचीने विचारले.

तसे मी म्हणणार नाही. जेकब रीसने न्यूयॉर्कमधल्या कोंदट चाळींची छायाचित्रे काढली, १८९० साली त्यांचे पुस्तक केले, आणि त्याने त्या शहराला खडबडून जागे केले. पण रीसने चित्रांबरोबर गल्ल्यांची नावे सांगितली, भाडी सांगितली, एकेका खोलीत माणसे किती ते सांगितले. झिजलेल्या सहाणेखाली काही लिहिले नाही तरी चालते. कुजलेल्या भिंतीखाली मजकूर हवा. नाहीतर आपण दुसऱ्याच्या गळक्या घरात जाऊन नुसती मौज पाहून आलो, असे होते.

इथपर्यंत मला सगळे सोपे वाटत होते. तेवढ्यात तिने पिशवीतून तिसरे चित्र काढले. त्याच भिंतीआडच्या खोलीत राहणाऱ्या आजींचे. त्यांनी तिला आधी ठणकावले होते, “भिंतीचा कसला फोटो काढतेस? थांब जरा.” मग ठेवणीतले लुगडे नेसून त्या गॅलरीत तुळशीच्या डब्याशेजारी उभ्या राहिल्या. उंबऱ्यावर रांगोळी, पितळी कडी घासून लखलखीत. शिक्षकांनी ते चित्र मालिकेतून काढायला सांगितले होते. यात क्षय कुठे आहे, असा त्यांचा सवाल. मला तर त्या चित्रापुढे बाकीची सगळी अपुरी वाटली, कारण कुजण्याला कोणीतरी रोज सकाळी उठून अडवते आहे, हे त्या एकातच दिसत होते.

परंतु आजींना भिंत दाखवायची नव्हती, हेही तेवढेच खरे. माझ्या म्हणण्याप्रमाणे त्या भिंतीखाली पत्ता आणि भाडे लिहायचे तर त्यांची लाज चव्हाट्यावर मांडायची. न लिहावे तर भिंत नुसती शोभेची. त्यांच्या भल्यासाठी म्हणून त्यांचा शब्द मोडायचा अधिकार भाचीला नाही, असे माझे मत. तिचे अजून ठरत नाही. तूर्त तिने भिंतीचे चित्र बाजूला ठेवले आहे, आणि त्याच्या जागी लुगड्यातल्या आजी, शिक्षक काहीही म्हणोत. दोन्ही चित्रे घेऊन ती त्यांना विचारायला गेली होती. चकल्यांचे पीठ मळलेले हात वर धरून त्यांनी तिला दारातूनच सांगितले की भाऊबीज झाल्यावर ये, त्याआधी मला बसायला सवड नाही.