जॅझसाठी स्पीकर घेताना: बीडच्या भाच्यास पत्र

मुंबई

चि. बाळास,


तुझा लांबलचक निरोप वाचला. अँपच्या पाठीचे, गिटारचे आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचे फोटोही नीट पाहिले. ताईला सांग, मी तुझ्या डोक्यात नवं खूळ भरत नाहीये. उलट या पत्रातला निम्मा मजकूर खर्च कसा टाळायचा याचाच आहे.

तू विचारलंस, 'ग्रीनबॅक घेऊ का?' उत्तर आधीच देऊन टाकतो: घेऊ नकोस. स्पीकर वाईट आहे म्हणून नव्हे. सेलेस्टियन कंपनीच्या त्या २५ वॅटच्या स्पीकरचा आवाज वाढवला की तो लवकर फाटू लागतो, आणि त्या गोड फाटण्यावरच त्याचं नाव झालं. रॉक वाजवणाऱ्यांना तेच हवं असतं. तुला मात्र जॅझ गिटारवाल्या जिम हॉलसारखा आवाज हवाय असं तूच लिहिलंस. म्हणजे तुला नेमकं उलटं हवंय.

ते का, हे समजून घे, म्हणजे पुढे दुकानात कुणी फसवणार नाही. सा आणि प एकत्र छेडले आणि स्पीकर थोडा फाटला, तर त्या दोन स्वरांच्या भांडणातून नवे स्वर निपजतात. पण ते खालचा सा, वरचा ग असे ओळखीचेच असतात, म्हणून कानाला भरदार वाटतं. रॉकची पॉवर कॉर्ड याच जोरावर उभी आहे. आता तू सी मेजर नाइन धर: सा, ग, प, नी आणि वरचा रे, म्हणजे नाइन्थ. इथे स्पीकर फाटला की प्रत्येक जोडी आपापली पिलावळ घालते आणि कॉर्डचा चिखल होतो. जॅझवाल्याची सगळी मिळकत या आतल्या स्वरांत असते. तेच ऐकू आले नाहीत तर वाजवायचं कशाला?

म्हणून पहिली अट अशी की स्पीकरला दम हवा. तुझा अँप ४० वॅटचा असला तरी स्पीकर ७५ किंवा १०० वॅट सोसणारा घे. मोठा आवाज काढायला नव्हे, तू वाजवशील त्या आवाजात त्याला घाम फुटू नये म्हणून.

दुसरी अट कमी लोक सांगतात. गिटारची सर्वांत जाड तार सुटी वाजवली की साधारण ८२ हर्ट्झ होतात. सर्वांत वरच्या पट्ट्यांवरचा स्वरही हजार-बाराशे हर्ट्झच्या पुढे फारसा जात नाही. त्यावर जे ऐकू येतं ते स्वरांचे वरचे अंश आणि प्लेक्ट्रमची टकटक. बहुतेक गिटार-स्पीकर पाच हजारच्या आसपास उतरणीला लागतात, पण त्याआधी दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात अनेकांना एक उंचवटा मुद्दाम दिलेला असतो. ड्रमच्या गदारोळातून गिटार वर यावी म्हणून तो आहे. व्हिंटेज ३० नावाचा जो स्पीकर सगळे सुचवतात, त्यात हा उंचवटा चांगलाच आहे. तुझ्या कामाला तो नडेल. नाइन्थपेक्षा टकटक जास्त ऐकू येईल. चांगल्या कंपन्या स्पीकरचा आलेख छापतात. नाव, रंग, लोकांची वाहवा बाजूला ठेव आणि तो आलेख बघ. त्या पट्ट्यात रेघ जितकी सपाट तितका तो स्पीकर तुझा.

आता मोठमोठ्यांनी काय वापरलं ते. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० ही गिटार काढली, तिच्या जोडीला ईएच-१५० अँप असे. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये गेला तेव्हा त्याची ओळख याच जातीच्या गिटारने झाली. जिम हॉलच्या जीए-५० मध्ये एक बारा इंची आणि एक आठ इंची असे दोन स्पीकर शेजारी बसवलेले होते. वेस माँटगोमेरीच्या स्टँडेलमध्ये पंधरा इंची. जो पासने पॉलिटोन वापरला. ती कंपनी टॉमी गुमिना या अकॉर्डियन वाजवणाऱ्याने काढली. १९७५ मध्ये रोलंडचा जेसी-१२० आला, त्यात बारा इंची दोन, आणि व्हॉल्व्ह एकही नाही. हेन्रिक्सनच्या काही छोट्या अँपमध्ये तर दहा इंचीच असतो. तेव्हा 'जॅझला पंधरा इंचीच लागतो' किंवा 'व्हॉल्व्हशिवाय जॅझ नाही' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलाव आणि पुढे चाल. या सगळ्यांच्या आवाजात समान काय ते एवढंच की स्पीकर स्वच्छ राहतो.

अल्निको चुंबकाचंही तसंच. त्यावर लोक तासन्‌तास बोलतात. जोरात वाजवलं की अल्निकोचा स्पीकर आवाज किंचित दाबून गोल करतो, हे खरं. पण तुझ्या खोलीत, शेजारचे आजोबा झोपलेले असताना, तो तिथवर पोहोचणारच नाही. साधा सिरॅमिक घे. उरलेल्या पैशांत फ्लॅटवाउंड तारा घे. तुझ्या आवाजात पहिला मोठा फरक त्यांनीच पडेल.

मित्र चिडवतात म्हणालास, 'बीडमध्ये कसलं रे जॅझ?' त्यांना सांग, पुणतांबा शेजारच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात आहे. तिथले संगीतकार सी. रामचंद्र मुंबईत गेले, गोव्याच्या चिक चॉकलेटचा ट्रंपेट आणि बँड त्यांनी हाताशी धरला, आणि १९५१ च्या 'अलबेला' सिनेमाने ती झिंग गावोगावच्या तंबूत पोहोचवली. मुंबईच्या हॉटेलांत हे गोवेकर वादक रात्री जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. १९७८ मध्ये रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तेव्हा सॉनी रॉलिन्स इथे येऊन वाजवून गेला. आणि गिटारचंच म्हणशील तर अमान्सिओ डिसिल्वा मुंबईत जन्मला, १९३६ ला, गोव्याच्या कुटुंबात. पुढे लंडनला गेला. तिथली त्याची 'इंटिग्रेशन' ही १९६९ ची तबकडी ऐक. आपल्या रागांची चाल आणि जॅझची बैठक एकाच गिटारवर कशी नांदते ते कळेल. तिच्याबरोबर जिम हॉल आणि पियानोवाला बिल एव्हान्स या दोघांची 'अंडरकरंट' (१९६२) ऐक. हेडफोनवर नको, तुझ्याच अँपच्या स्पीकरमधून ऐक. पियानो आणि गिटार एकमेकांत मिसळूनही वेगळे ओळखू येत असतील तर स्पीकर बदलण्याची घाई नाही. गिटार वेगळी काढून दाखवता येत नसेल तर मग माझ्याशी बोल.

आता बीडचं. तुला वाटतं, सगळं मुंबईतच मिळतं. डॉ. भडकमकर मार्गावर, म्हणजे आमच्या लॅमिंग्टन रोडवर, स्पीकरचे ढीग लागलेले असतात हे खरं; पण गिटारचा स्पीकर मागितला की बरेच दुकानदार डीजेचाच पुढे करतात. उलट आपल्याकडे सप्ताह, जयंत्या, लग्नं, सभा यांवर जगणारे साउंडवाले आहेत, आणि जळालेली कॉइल, फाटलेला कागद बदलून देणारे कारागीर आहेत. त्यांच्याशी ओळख कर. तुझ्या कामाचं ज्ञान त्यांच्या बोटांत आहे.

मात्र त्यांच्याकडचा कुठला स्पीकर चालेल ते नीट समजून घे. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणीक लावली की आवाज खाली उतरतो आणि झणकार जातो; स्पीकरच्या कागदाचंही अगदी तसंच आहे. कागद जड, त्यावर लेप जाड, तर खालचे सूर भरतात आणि वरचे मरतात. डीजेचा सब म्हणजे कणकेचा गोळाच. त्याला हात लावू नकोस. मिड-बास म्हणून जो विकतात तोही बहुधा जडच. पण जुन्या, सभांसाठीच्या पेट्यांतला कागदी कोनाचा बारा इंची फुल-रेंज स्पीकर मिळाला तर जरूर आणून ऐक. रॉकवाला त्याला मुर्दाड म्हणेल. जॅझला तो अनेकदा महागड्या नावांपेक्षा बरा वाटतो. हे मी ऐकून सांगतोय, आलेखावरून नाही. त्याच पेटीतला ट्वीटर मात्र जोडू नकोस, तारांवरून बोट सरकल्याचा प्रत्येक आवाज तो गावभर सांगेल.

एक खबरदारी: कॉइल आणि कागद बदललेला स्पीकर हा नवाच स्पीकर समज. मागे नाव कुठलंही असो, आवाज नव्या कागदाचा.

जुना स्पीकर असा तपास. दोन्ही हातांची बोटं कोनावर समोरासमोर, सारख्या अंतरावर ठेव आणि हलकेच आत दाब. कान जवळ ने. खर्रकन घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा आत कचरा आहे, परत दे. मग नाक लाव. जळक्या वार्निशचा वास एकदा लागला की जात नाही. मग मीटर लावून बघ: आठ ओहमच्या स्पीकरला साधारण सहा ते सात दिसायला हवेत. शेवटी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकव, अधिक टोकाला अधिक. कोन बाहेर उसळला तर खुणा बरोबर आहेत. दोन स्पीकर जोडशील तेव्हा ही खूण उपयोगी पडेल, नाहीतर एक पुढे आणि एक मागे जाऊन दोघे मिळून आवाज खातील.

ओहमचा खेळ करू नकोस. तुझ्या अँपच्या पाठीवर आठ लिहिलंय तर आठच लाव. ट्रान्झिस्टरच्या अँपला चार लावलास तर तो जास्त करंट ओढेल आणि मे महिन्यातल्या बीडच्या दुपारी आतले ट्रान्झिस्टर भाजून निघतील. पुढेमागे व्हॉल्व्हचा अँप घेतलास तर स्पीकर न जोडता तो कधीही चालू करायचा नाही.

संवेदनशीलताही बघ. कागदावर ९४, ९७, १०० डेसिबल असे आकडे असतात. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट मोजावे लागतात. म्हणजे १०० चा स्पीकर ४० वॅटवर जेवढा आवाज देईल, तेवढ्यासाठी ९४ वाल्याला १६० वॅट हवेत. सभेच्या पेटीतले स्पीकर बरेचदा इथे मार खातात. घरच्या रियाजाला चालेल, ड्रमरबरोबर बसायचं असेल तर चालणार नाही.

आणि आता खोली. खरं सांगू? तुझी निम्मी तक्रार स्पीकरची नसून पत्र्याची आहे. तुझ्या अँपची पाठ उघडी आहे, म्हणजे तितकाच आवाज मागून जाऊन पत्र्यावर आदळतो आणि शहाबादी फरशीवरून परत येतो. आधी आईकडून जुन्या वाकळी माग. एक अँपच्या मागच्या भिंतीला टांग, एक खाली अंथर. मग सुताराकडून १२ मिमी प्लायचा तुकडा कापून घे आणि पाठ दोन-तृतीयांश झाक. खालचे सूर घट्ट होतील. पूर्ण झाकू नकोस, आतल्या हीट सिंकला वारा लागतो. अँप जमिनीवर असेल तर एका विटेवर पुढून तिरका कर. वरचे सूर सरळ रेषेत जातात; आत्ता ते तुझ्या पोटऱ्यांना ऐकू येतायत, कानांना नाही, आणि म्हणून तू ट्रेबल वाढवत बसतोस. समोर बसलेल्याला तेच कर्कश लागतं.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवतोस तेव्हा घुईं आवाज येतो म्हणालास. तो स्पीकरचा दोष नव्हे, चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरचा आहे. त्या वेळात अँप बंद ठेव आणि गिटार कोरडीच वाजव, बोटांना बरं.

तर क्रम असा ठेव: तारा, वाकळ, प्लाय, वीट. दिवाळीपर्यंत यावर वाजव. तरीही मन भरलं नाही तर बारा इंची, आठ ओहम, ७५ वॅट किंवा त्यावरचा, सिरॅमिक चुंबकाचा, दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सपाट असा एक स्पीकर बघ, मग तो मुंबईच्या धोबी तलावावरून येवो की बीडच्या सुभाष रोडवरून. तुझी गिटार आणि तुझाच अँप लावून वाजवू देत नसतील त्या दुकानातून उठ. आणि पैसे मोजण्याआधी स्पीकरच्या पाठीचा स्वच्छ फोटो मला पाठव, शिक्का आणि आकडे दिसतील असा.

तुझा,
मामा