उचलतो की!

गेल्या पावसाळ्यात एका परिसंवादात पुण्याच्या एका विद्वानांनी सांगून टाकलं, की अपंगांची वेगळी वसतिगृहं म्हणजे गोजिरवाणे कोंडवाडे. समावेशन हवं, संस्था नकोत. टाळ्या पडल्या. व्यासपीठाला चार पायऱ्या होत्या, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतले माझे मित्र खालीच बसून हे ऐकत होते.

मला राग आला तो कोल्हापूरकर म्हणून. आमच्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन उमेदीत पांगळेपण आलं. त्यांना उभारी दिली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि तेही चाकाच्या खुर्चीतलेच. धडधाकटांनी कितीही धीर दिला, तरी ‘असंही जगता येतं’ हे त्यांना पाहून कळत नाही. पुढे 1984 मध्ये त्यांची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी राहिली, उचगावला ‘घरौंदा’ हे वसतिगृह झालं. तिथल्या पोरांना शाळेच्या दाराशी कोणाची वाट पाहावी लागत नाही. याला कोंडवाडा म्हणायचं?

उत्तरादाखल मी शाहू महाराजांना पुढे केलं. (कोल्हापुरात वादात हरायला लागलं की माणूस हेच करतो.) महाराजांनी आधी सगळ्यांचं एकत्र वसतिगृह काढून पाहिलं. ते जमलं नाही, तेव्हा 1901 च्या मराठा बोर्डिंगपासून एकेका समाजाची वसतिगृहं उभी केली. आधी आपल्यांत बळ येऊ दे, मग बाहेर पड. मुद्दा बिनतोड वाटला.

घरी येऊन पुस्तकं चाळली आणि पंचाईत झाली. त्याच महाराजांनी 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुलं सरसकट सगळ्यांच्या शाळेत घातली. राहायला वेगळी जागा चालेल, पण शाळेचा दरवाजा एकच. अस्पृश्य समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलचंही तेच. महाराजांना तिथला चहा वाड्यावर मागवता आला असता. त्यांनी भर रस्त्यात गाडी थांबवून घेतला. म्हणजे विद्वान अर्धे बरोबर होते. हे कबूल करताना जीभ जड होते.

पण उरलेलं अर्धं त्यांना ठाऊक नाही, कारण ते इथे राहत नाहीत. कोल्हापुरात अपंगाला कोणी हिडीसफिडीस करत नाही. पायरी दिसली की चार तालमीतली पोरं धावतात, ‘उचलतो की, काका!’ हा चांगुलपणाच आमचा घात करतो. उचलणारे आहेत तोवर उतार कोण बांधणार? ज्या गावाच्या उद्यमनगरात इंजिनांचे सुटे भाग ओततात, त्याच गावात लोखंडी उताराची पाटी करून घ्यायचं कोणाला सुचत नाही. 2016 च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, इमारती सुगम करायला मुदतीही घातल्या. आमची भिस्त मात्र अजून दंडावरच. आणि उचलून आत नेलेला माणूस चहा बेतानंच पितो. मुतारीला कोण उचलणार, हे त्यानं आधीच मोजलेलं असतं.

परवा मित्राबरोबर एका हॉटेलाशी थांबलो. दोन पायऱ्या. गल्ल्यावरचा पोरगा बाह्या सावरत आलाच. मित्रानं पिशवीतून टेप काढला, एक टोक त्याच्या हातात दिलं.

‘बारा इंच उंची. इंचाला फूट, म्हणजे बारा फूट उतार. तुमचा कट्टा आठच फुटांचा.’

पोरगा टेपकडे बघत राहिला.

‘मग मधी वळवून घ्यायचा की.’