वहिवाट कोणाची?

कंबोडियातील अंगकोर ही प्राचीन ख्मेर राजधानी. तेथील अंगकोर वाट हे विष्णुमंदिर दुसऱ्या सूर्यवर्म्याने १२ व्या शतकाच्या पूर्वार्धात उभारले. पूर्वेकडील भिंतीवरचे समुद्रमंथन पाहताच आपल्याकडील भाविक सहज उद्गारतो, “हे तर आपलेच!” अभिमान गैर नाही, परंतु अभिमान निराळा आणि मालकी निराळी.

आपल्या कायद्यात देवता ही स्वतंत्र व्यक्ती मानली आहे. देवास अर्पिलेल्या मिळकतीचा धनी देवच. मंदिर बांधणारासही मग त्यावर हक्क सांगता येत नाही. तेथे दूरच्या यात्रेकरूचा दावा कसा टिकावा?

पश्चिम गोपुरात अष्टभुज विष्णूची भव्य मूर्ती आहे. १५ व्या शतकात राजसत्तेने नगर सोडले, तरी मंदिराचा राबता सर्वस्वी तुटला नाही. बौद्ध झालेले ख्मेर लोक त्या मूर्तीस ‘ता रीच’ म्हणून आजही पूजितात, उदबत्ती लावतात. नाव पालटले, वहिवाट त्यांची राहिली.

१९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने या मंदिराची डागडुजी केली. हे नाते सेवेचे, म्हणूनच शोभणारे. देव सेवेने आपला होतो, केवळ वारशाने नव्हे. हाच न्याय आपण आपल्या गावच्या देवळालाही लावून पाहावा.