ज्याची त्याची आवड?

गेल्या गणपतीत चौलला घरी होतो. दुपारची जेवणं आटोपून सगळे ओटीवर लवंडले होते. रेंज धड येत नव्हती, त्यामुळे चक्क गप्पा चालू होत्या. प्रत्येकाने आपला सगळ्यात आवडता सिनेमा सांगायचा, असा खेळ सुरू झाला. चुलतभावाने 'सैराट' सांगितला. मी 'कोर्ट' सांगितला. आत्या म्हणाली, "माझा 'माहेरची साडी'."

मी हसलो. नुसता हसून थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मी भाषण ठोकलं. हा सिनेमा कसा रडका आहे, बायकांना छळ सोसायला कसा शिकवतो, असल्या सिनेमांनी मराठी प्रेक्षकाची आवड कशी बिघडवली, वगैरे. चुलतभाऊ म्हणाला, "जाऊ दे रे, ज्याची त्याची आवड." आत्या काही न बोलता चहा टाकायला आत गेली.

मुंबईला परतताना माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. आम्हा दोघांपैकी आत्याचा जास्त अपमान कोणी केला, मी की चुलतभावाने?

वरवर पाहता उत्तर सोपं आहे. मी उद्धट, तो समजूतदार. पण 'ज्याची त्याची आवड' या वाक्याचा अर्थ नीट पाहा. त्याचा अर्थ असा, की तुला काय आवडतं यावर बोलण्यासारखं काही नाही. कुणाला कारलं आवडतं, कुणाला नाही, विषय संपला. आत्याने मात्र नुसती स्वतःची आवड सांगितली नव्हती. तिच्या मते तो सिनेमा चांगला होता. 'मला आवडला' हे माझ्याविषयीचं विधान आहे. 'चांगला आहे' म्हटलं की ते सिनेमाविषयीचं होतं. तिथे कारण विचारता येतं आणि कारण द्यावंही लागतं.

मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्या धंद्यात कारणाशिवाय भागतं. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये एक स्पर्धा लावली होती. कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल, याचा कंपनीपेक्षा १० टक्के जास्त अचूक अंदाज बांधा आणि १० लाख डॉलर घ्या. २००९ मध्ये एका चमूने ते बक्षीस जिंकलं. पुढे २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने तारेच काढून टाकले, अंगठा वर किंवा खाली एवढंच ठेवलं. तुम्हाला 'का' आवडलं, हे असल्या गणिताला कळायची गरज नसते. तुमच्यासारख्या इतरांना काय आवडलं, तेवढं पुरतं. 'ज्याची त्याची आवड' म्हणताना आपण समोरच्या माणसाकडे तसंच पाहतो.

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने १७५७ मध्ये अभिरुचीच्या निकषावर एक निबंध लिहिला. त्यात 'डॉन किहोते'मधला एक किस्सा येतो. सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांना पिंपातल्या दारूची चव सांगायला बोलावतात. एक म्हणतो, छान आहे, पण जराशी चामड्याची चव लागते. दुसरा म्हणतो, छान आहे, पण लोखंडाची लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघते, चामड्याची वादी बांधलेली.

हा किस्सा वाचताना मला आत्याच आठवते. रेवदंड्याच्या बाजारात ती पापलेटाचे कल्ले उघडून बघते, बोटाने दाबते आणि सांगते, हा बर्फातला आहे. तिथे तिला कुणी 'ज्याची त्याची आवड' म्हणत नाही. मासळीच्या बाबतीत तिचं म्हणणं आम्ही ज्ञान मानतो आणि सिनेमाच्या बाबतीत तिचा भाबडेपणा. तिला त्या सिनेमात कोणती किल्ली लागली, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

चांगल्या समीक्षकाला काय लागतं, हेही ह्यूम सांगतो: बारकावे टिपणारी जाण, सराव, तुलना, शाबूत विवेक आणि पूर्वग्रहापासून मोकळं मन. इथे मला एक कबुली द्यायला हवी. ओटीवर भाषण दिलं तेव्हा मी 'माहेरची साडी' पूर्ण पाहिलाच नव्हता. माझं मत मीम्सवर आणि मित्रांच्या टवाळीवर पोसलेलं होतं. न पाहिलेल्या सिनेमावर मी पाहिलेल्या माणसासारखा बोललो, आणि तेही तो मनापासून पाहिलेल्या बाईसमोर. माझा उद्धटपणा एक वेळ सोडून द्या, हे सरळ सरळ खोटं बोलणं होतं.

मग पाहिला. विजय कोंडके यांचा १९९१चा सिनेमा, अलका कुबल नायिका. तिच्या जन्मात आई जाते, म्हणून बाप तिला अपशकुनी मानतो, सासरी छळ. पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा आत्या वाल सोलत बसली होती. मी शेजारी बसून विचारलं, "आत्या, तुला तो सिनेमा का आवडतो गं?"

ती म्हणाली, "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई स्वतः मला घेऊन गेल्या. त्या सगळा वेळ रडत होत्या. मला वाटायचं, यांना कळतच नाही. तेव्हा समजलं, कळतं सगळं."

"मग बदलल्या का?"

"छे रे. पण त्यांना कळतं, हे मला कळलं ना."

माझा आक्षेप तरीही राहिला होता आणि मी तो तिला सांगितला. या वेळी हळू आवाजात, पण पूर्ण. नायिका जितकी सोसते तितकी ती चांगली ठरते, हे मला पटत नाही. सोसणं हाच तिच्या चांगुलपणाचा पुरावा का? आत्या म्हणाली, "ती गप्प बसते म्हणूनच बघणाऱ्याला राग येतो. ती भांडली असती तर सासूबाई म्हणाल्या असत्या, बरं झालं, अशीच पाहिजे हिला." याचं पुरतं उत्तर माझ्याकडे अजून नाही. माझं मत बदललंय असंही नाही. पण आता ते माझं स्वतःचं मत आहे, आणि ते कोणासमोर मांडलं हे मला ठाऊक आहे.

मग तिने मला कोंडीत पकडलं. "तुझा तो 'कोर्ट' दाखव."

चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा रात्री लॅपटॉपवर लावला. शाहीर नारायण कांबळेवरचा खटला, तारखांवर तारखा. ती मधे दोनदा पेंगली. संपल्यावर म्हणाली, "संथ आहे बाबा. पण ती सरकारी वकील दिवसभर त्या बिचाऱ्याच्या मागे लागते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते, ते खरं आहे. तिचा राग पण येईना मला नीट."

तो सिनेमा मी तीन वेळा पाहिला होता. दर वेळी त्या स्वयंपाकाच्या प्रसंगात मी मोबाइल हातात घेतला होता, कारण खटला तिथे पुढे सरकत नाही. सोमवारी सकाळी मांडव्याहून निघालेल्या बोटीत बसून मी तेवढाच भाग पुन्हा लावला. या वेळी ती पूर्ण वेळ स्वयंपाक करताना पाहिली.