पहिली दोन वर्षं

पाठ सरळ ठेवा. श्वास आपल्या चालीनं चालू द्या. लक्ष छातीच्या मधल्या हाडाकडे न्या. या हाडाच्या आत, मणक्यांत, कमरेच्या हाडांत अस्थिमज्जा आहे. रक्त तिथं जन्मतं. तिथंच थोडं थांबा.

आता, जिची ही जागा किरणांनी रिकामी केली, अशी एखादी बाई मनात आणा. रक्ताच्या कर्करोगासाठी सबंध शरीराला किरणं दिली की रोगट पेशींबरोबर चांगल्याही जातात. मग दात्याच्या मूळपेशी सलाईनसारख्या शिरेतून सोडतात, आणि हाडांपर्यंतची वाट त्या स्वतःच शोधतात. हे मनात घोळू द्या. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली भारतातलं पहिलं असं प्रत्यारोपण केलं. मला यातलं सगळ्यात अवघड काम वाटतं ते त्यानंतरचं, वाट पाहण्याचं.

साकोली तालुक्यातल्या एकोडीकडे, तिथल्या धानाच्या बांध्यांकडे मन वळवा. उपटलेले पऱ्हे रोवणीनंतर काही दिवस पिवळे पडतात. मूळ धरलं का, हे पाहायला कुणी ते पुन्हा उपटत नाही.

प्रत्यारोपणानंतर दोन ते चार आठवड्यांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी परततात. घरच्यांच्या जिवात जीव येतो. प्रतिपिंडांना मात्र घाई नसते. ती बनवणाऱ्या बी पेशी सावरायलाच काही महिने जातात. प्रतिपिंडांच्या प्रकारांपैकी आधी आयजीएम येतं, मग आयजीजी. आयजीए सगळ्यात शेवटी, कधी दोन वर्षांनीसुद्धा. तान्हं बाळही याच क्रमानं प्रतिपिंडं बनवायला शिकतं. प्रतिपिंडं बनवणाऱ्या जुन्या प्लाझ्मा पेशी किरणांतूनही काही काळ तगतात, पण बालपणीच्या लशींचं संरक्षण हळूहळू ओसरतं. म्हणून धनुर्वात, घटसर्प, पोलिओ यांच्या सुया काही महिन्यांनी नव्यानं घ्याव्या लागतात. गोवराची लस जिवंत विषाणूची. ती निदान दोन वर्षं थांबते, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुटल्यावरच मिळते.

या दोन वर्षांपाशी सावकाश बसा. बाई गावी परतली आहे, चालते, बोलते, चुलीपाशी बसते. गोवरापासून मात्र तिला संरक्षण नाही. तिला हवी असलेली प्रतिपिंडं सध्या शेजारच्या लेकरांच्या अंगात आहेत. त्यांना गोवर-रुबेलाची पहिली सुई नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी दीड वर्षाच्या सुमारास वेळेवर टोचली, तर तिच्या दारापर्यंत गोवर पोचणं अवघड होतं. अंगणवाडीतला लसीकरणाचा दिवस चुकवू नका. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर तिला फोन करा. बरं वाटलं की भेटायला जा.