हूल आणि असत्य

पोकरमध्ये दिलेली हूल हे असत्य आहे काय? उत्तर देण्यापूर्वी खेळ समजून घ्यावयास हवा. एकोणिसाव्या शतकात मिसिसिपी नदीवरील आगबोटींमधून हा पत्त्यांचा खेळ अमेरिकेत पसरला. त्याचा आज सर्वाधिक प्रचलित प्रकार म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’. प्रत्येकास दोन पत्ते पालथे वाटले जातात. ते ज्याचे त्यानेच पाहावयाचे. मग मेजावर प्रथम तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक असे पाच पत्ते सर्वांसाठी उघडे मांडले जातात. प्रत्येक टप्प्यावर रक्कम लावावयाची, दुसऱ्याने लावली तेवढी भरावयाची, वाढवावयाची, अथवा पत्ते टाकून डाव सोडावयाचा. अखेरीस सातांपैकी पाच पत्त्यांचा ज्याचा संच वरचढ, त्याची सारी रक्कम. तीनपत्ती जाणणाऱ्यांना (ती कोठे शिकलात, हे मी विचारणार नाही!) हे परके वाटू नये, मात्र तेथे रंगाहून ओळ श्रेष्ठ, येथे ओळीहून रंग.

परंतु बाकी सर्वांनी पत्ते टाकले, तर उरलेला खेळाडू आपले पत्ते न दाखविताच जिंकतो. हूल जन्मते ती येथे. हाती काहीच नसताना मोठी रक्कम लावून तो इतरांना माघार घ्यावयास लावतो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन आणि अर्थशास्त्रज्ञ ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की अधूनमधून हूल देणे हा शहाण्या खेळाचाच भाग आहे. जो कधीच हूल देत नाही, त्याचे चांगले पत्ते सर्वांना आधीच कळतात.

‘तो तोंडाने काही बोललाच नाही’ हा बचाव पुरेसा नाही. कृतीनेही असत्य सांगता येते, असे संत थॉमस अक्वायनस बजावतात. तथापि मेजावर सरकविलेल्या रकमेचा अर्थ ‘माझे पत्ते चांगले आहेत’ असा नसतोच. ‘एवढे भरा, नाहीतर उठा’ एवढाच असतो. तो अर्थ सर्वांस ठाऊक असतो व मान्यही. म्हणून माझ्या मते हूल हे असत्य नव्हे. खुणा केलेले पत्ते वापरणे ही मात्र निखळ फसवणूक.

खरा पेच संमतीचाच आहे. मेजाभोवती बसलेल्यांनी संमती दिली. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीने आणि मुलांनी ती कधी दिली? १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात पत्त्यांचा खेळ वा पैज स्वभावतः अन्याय्य मानलेली नाही. स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे हिरावले जाते, तेथे ती अग्राह्य ठरते. पोकरच्या मेजावर नवा पैसा निर्माण होत नाही, एका खिशातला दुसऱ्या खिशात जातो. हरणाऱ्याच्या खिशात मुलांचे शाळेचे शुल्क होते की नाही, हे जिंकणाऱ्यास कळावयाचा मार्ग नाही, आणि तो विचारीतही नाही.