उत्तर बरोबर, प्रश्नच चुकला

उभा राहा. न्यू जर्सीत असशील, चाळिशी गाठली असशील, तरी माझं बोलणं उभं राहूनच ऐकायचं. परवा ओरलँडोत डिस्ने व्हेकेशन क्लबच्या विक्रेत्यासमोर बसलास, त्यांच्या पॉलिनेशियन रिसॉर्टचे दीडशे पॉइंट घेतलेस, करारावर सही ठोकलीस आणि वर मलाच कळवतोस, 'सर, हा इतर टाइमशेअरसारखा नाही!' कॉमर्सला होतास ना रे? व्याजाचा धडा चालू असताना लक्ष कुठे होतं?

तुझं जेवढं बरोबर आहे, तेवढे गुण आधी देऊन टाकतो. मी कोणाचे गुण खात नाही.

जुन्या धाटणीचा टाइमशेअर म्हणजे एका इमारतीतली एक खोली आणि वर्षातला एक ठरावीक आठवडा. अमेरिकेतल्या अशा कित्येक करारांना शेवटची तारीखच नसते. मेंटेनन्स वर्षागणिक चढतो, जा अगर जाऊ नका, भरावाच लागतो. विकायला काढलं तर एका डॉलरलाही गिऱ्हाईक मिळत नाही. मग 'आम्ही तुम्हाला यातून सोडवतो' म्हणत आगाऊ पैसे उकळणारे भामटे दारात येतात.

डिस्नेचं तसं नाही, हे कबूल. १९९१ साली ओल्ड की वेस्ट रिसॉर्टपासून त्यांनी सुरुवात केली, ती पॉइंटांनी. वर्षाचे पॉइंट हवे तसे खर्चा: दोन रात्री राहा नाहीतर दहा, स्टुडिओ घ्या नाहीतर मोठा व्हिला. ज्याचे पॉइंट घेतले त्या होम रिसॉर्टचं आरक्षण अकरा महिने आधी करता येतं, इतर रिसॉर्टांचं सात महिने आधी. यंदाचे पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात, पुढचे आज उसने घेता येतात. कराराला शेवट आहे: सुरुवातीच्या रिसॉर्टांचे बहुतेक करार २०४२ मध्ये संपतील, तुझा ३१ जानेवारी २०६६ ला. पॉइंट विकायला काढले तर खरेदीदार मिळतो, आणि ठरलेल्या किमतीला ते आधी स्वतः विकत घेण्याचा हक्क डिस्नेने राखून ठेवला आहे.

झाले तुझे गुण. आता माझं ऐक.

नापास पोराशेजारी उभं राहिलं की पस्तीस टक्केवाला हुशार दिसतो, म्हणून तो हुशार ठरत नाही. विक्रेत्याने तुला वाईट टाइमशेअर दाखवला, तू त्याच्यापेक्षा बरा टाइमशेअर उचललास आणि स्वतःवरच खूश झालास. घेतलास तो टाइमशेअरच. फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्याखालीच तो विकला जातो. दोघांत बरा कोणता, हा प्रश्न त्याचा होता. मुळात घ्यावा का, हा प्रश्न तुझा होता. तो तू विचारलाच नाहीस.

हिशेब मांड. सोपे आकडे धरू. पॉइंटला २०० डॉलर धर, दीडशे पॉइंटांचे झाले ३०,०००. तेच पैसे पाच टक्क्यांनी ठेवले असतेस तर वर्षाला १,५०० व्याज आलं असतं आणि मुद्दल तुझ्याच खात्यात राहिलं असतं. आता ड्यूज, म्हणजे वर्षाचा मेंटेनन्स. पॉइंटला ९ डॉलर धर, म्हणजे वर्षाला १,३५०. झाले २,८५०. त्यात विमानभाडं नाही, जेवण नाही, पार्काचं तिकीटसुद्धा नाही! शिवाय ड्यूज स्थिर राहत नाहीत. दरसाल चार टक्के वाढले तर चाळीस वर्षांनी १,३५० चे साधारण ६,५०० होतात. हवाईतल्या त्यांच्या औलानी रिसॉर्टचे ड्यूज खुद्द कंपनीनेच कमी धरले होते. त्यापायी २०११ मध्ये विक्री थांबवायची वेळ आली. त्यांचा अंदाज चुकतो, आणि तू विक्रेत्याच्या तक्त्यावर विसंबतोस? २०६६ ला तू ऐंशीचा असशील आणि हातात मुद्दलातला छदामही नसेल. यात विक्रेत्याचं कर्ज घेतलं असशील तर त्याचं व्याज निराळं.

म्हणशील, 'सर, पण त्या हॉटेलचा रोजचा भाव बघा, अर्ध्यात पडतं!' कोणाला अर्ध्यात पडतं? आजवर तू पार्काबाहेरच्या साध्या हॉटेलात उतरलास, सकाळी गाडीने पार्कात गेलास आणि पोरं त्यातच खूश होती. जो भाव तू आयुष्यात कधी दिला नाहीस, त्यावर बचत कसली मोजतोस? ही बचत नाही, नवा खर्च आहे.

तीन वाटा तुझ्यासमोर होत्या, तू एकीकडेही पाहिलं नाहीस. एक, जाशील त्या वर्षी रोख भरून खोली घ्यायची. दोन, एखाद्या सदस्याकडून त्याचे पॉइंट भाड्याने घ्यायचे; ना ड्यूज, ना चाळीस वर्षांची बेडी. तीन, घ्यायचेच होते तर जुन्या सदस्याकडून रिसेलमध्ये घ्यायचे. तिथे भाव कमी असतो, पण अटी वाचाव्या लागतात: १९ जानेवारी २०१९ नंतर रिसेलमध्ये घेतलेले पॉलिनेशियनचे पॉइंट रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टांना चालत नाहीत. उद्या तू विकायला निघालास की हीच अट तुझ्या गिऱ्हाइकाला लागेल आणि तुझा भाव पाडेल. हे विक्रेत्याने ठळक करून सांगितलं होतं का?

आणि रजा कुठून आणणार आहेस? एकाआड एक वर्ष तू पुण्याला येतोस, तेव्हा सगळी सुट्टी इथेच संपते. त्या वर्षीचे पॉइंट पुढे टाकशील, ठीक. पण करारातल्या वापर-वर्षाच्या (तुझं पॉइंटांचं वर्ष) पहिल्या आठ महिन्यांतच टाकावे लागतात, आणि एकदा टाकलेले पुन्हा पुढे ढकलता येत नाहीत. मग काय, पॉइंट वाया जातील म्हणून आईवडिलांकडे यायचं रद्द करणार? दरवर्षी जाणारे, अकरा महिने आधी बेत ठरवणारे, महागड्या खोलीतच उतरणारे आणि रोखीने विकत घेणारे, अशांना हा सौदा परवडतो. यातलं तुला काय लागू पडतं ते सांग बघू.

आता रडू नकोस. फ्लोरिडाचा कायदा सही रद्द करायला दहा दिवस देतो, आणि तो हक्क कोणत्याही कागदाने काढून घेता येत नाही. आज रात्री बायकोला शेजारी बसव, पोरांना झोपव आणि वरचा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी पुन्हा मांड. दर करारातून घे, माझ्याकडून नको. आजवर प्रत्यक्ष भरलेली हॉटेलची बिलं समोर ठेव. तरीही सौदा फायद्याचा निघाला तर खुशाल ठेव, मी चकार शब्द काढणार नाही. नाही निघाला, तर रद्द करत असल्याचं पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर, दिलेल्या रीतीने उद्याच पाठव, पोच जपून ठेव आणि मगच मला फोन कर.